मॅगस्टिम २०० स्क्वेअर : हाताचं शिकणं आणि निवडणं मोजायला हे यंत्र कितपत पुरतं?

एक हात नवी हालचाल शिकत असताना किंवा डावा-उजवा यांतला एक निवडताना मेंदूच्या प्रेरक क्षेत्रात काय घडतं, हे कवटी न उघडता बघायचं आहे आणि पैसे एकाच मोठ्या यंत्रापुरते आहेत, अशी स्थिती असेल तर एकेरी पल्स देणारा चुंबकीय उत्तेजक (टीएमएस यंत्र) घ्यावा आणि उरलेले पैसे चांगल्या ईएमजीत, म्हणजे स्नायूतली वीज नोंदवणाऱ्या साधनात, घालावेत. या कामासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत ठिकठिकाणी दिसणारा डबा म्हणजे वेल्समधल्या व्हिटलंडला तयार होणारा मॅगस्टिम २०० स्क्वेअर. हे परीक्षण त्याचं, सोबत लागणाऱ्या आठ-आकडी (8 च्या आकाराच्या) कॉइलचं, आणि ज्यांच्याशिवाय तो नुसता टक-टक आवाज करणारा महागडा पेटारा ठरतो त्या बाकीच्या वस्तूंचं.

आधी अपेक्षा जागेवर आणूया. हे यंत्र कुणाचं शिकणं सुधारत नाही. हे मोजपट्टीचं काम करतं. प्रेरक क्षेत्रावर एक पल्स दिली की साधारण २० ते २५ मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या हाताचा स्नायू हलकासा उडतो आणि ईएमजीवर एक लाट उमटते. तिला एमईपी म्हणतात. त्या क्षणी मेंदू ते मेरुरज्जू ते स्नायू ही वाट किती ‘उघडी’ होती, हे लाटेची उंची सांगते. माणूस निर्णयाच्या उंबरठ्यावर असताना, हात हलायच्या आधीच, ही उंची वर-खाली होते. सगळा खेळ त्या वर-खालीचा आहे.

डब्यात काय आहे

१९८५ साली शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा चुंबकीय पल्सने माणसाचं प्रेरक क्षेत्र वेदनेशिवाय उत्तेजित करून दाखवलं. आजच्या यंत्राचं तत्त्व तेच आहे. धारित्रात (कपॅसिटरमध्ये) २.८ किलोव्होल्टच्या आसपास दाब साठवायचा आणि तो एका झटक्यात कॉइलमधून सोडायचा. चुंबकीय क्षेत्र सुमारे १०० मायक्रोसेकंदांत शिखर गाठतं आणि एका मिलिसेकंदाच्या आत सगळं आटोपतं. ७० मिमी वळ्यांच्या आठ-आकडी कॉइलच्या पृष्ठभागाशी शिखर-क्षेत्र दोन टेस्लाच्या वर जातं, पण खोलीबरोबर ते झपाट्याने पडतं. त्यामुळे व्यवहारात दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतचं बाह्यकच (मेंदूचा वरचा थर) हाती लागतं. बेसल गँग्लिया, थॅलॅमस वगैरे खोलवरचे भाग विसरा.

या यंत्राची खरी किंमत त्याच्या पल्सच्या आकारात आहे. पल्स एकदिश आहे, म्हणजे मेंदूतला परिणामकारक प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहतो. कॉइलचं हँडल मागे आणि बाहेरच्या बाजूला, मध्यरेषेशी ४५ अंशांवर धरलं की प्रवाह मागून पुढे जातो. हँडल उलट फिरवलं की पुढून मागे जातो, आणि तेव्हा एमईपी बहुतेकांत काही मिलिसेकंद उशिरा येते. कारण दोन दिशा वेगवेगळ्या चेतातंतूंच्या जाळ्याला आधी पकडतात. शिकणं आणि निवड यांवर काम करणाऱ्यांना हा फरक चैनीचा वाटू शकतो, पण तो तसा नाही. २०१३ मध्ये हमादा आणि सहकाऱ्यांनी ५२ जणांवर थीटा बर्स्ट (पल्सच्या झटपट जुड्यांचं) उत्तेजन करून पाहिलं. गटाची सरासरी जवळजवळ जागची हलली नाही, आणि कुणाला परिणाम होतो, कुणाला उलटा होतो, याचा मोठा वाटा अशा दिशाभेदी विलंबावरून ओळखता आला. द्विदिश पल्सच्या यंत्रावर हा भेद इतका स्वच्छ मिळत नाही.

उणी बाजूही सांगायला हवी. पूर्ण ताकदीवर पुन्हा भरायला यंत्राला सुमारे ४ सेकंद लागतात. म्हणजे ५० हर्ट्झच्या तीन-तीन पल्सच्या जुड्या सेकंदाला पाच वेळा द्यायचा थीटा बर्स्ट यावर होणार नाही. त्याला मॅगस्टिमचंच रॅपिड किंवा मॅगव्हेंचरचं मॅगप्रो अशा जातीचं यंत्र लागतं. ‘शिकल्यानंतर एम-वन (प्राथमिक प्रेरक क्षेत्र) तात्पुरतं मंदावलं तर कौशल्य टिकतं का’ हा २००२ मध्ये म्यूलबाखर आणि सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न तुमचा असेल, तर हा डबा तुमच्या कामाचा नाही. त्यांनी सेकंदाला एक या गतीने पंधरा मिनिटं पल्स दिल्या होत्या.

जोड-पल्स हवी असेल, म्हणजे आधी कमजोर आणि मग जोरदार पल्स एकाच कॉइलमधून, तर दोन २०० स्क्वेअर आणि त्यांना जोडणारं बायस्टिम मॉड्यूल घ्यावं लागतं. दोन-तीन मिलिसेकंदांच्या अंतराने एमईपी दबते, दहा-पंधराला उठते. दबण्याचं प्रमाण शिकताना कमी होतं का, हा जुना आणि अजून फळ देणारा प्रश्न आहे. पण पहिल्या वर्षी बायस्टिमच्या नादी लागू नका. एकेरी पल्सच नीट जमायला सहा महिने जातात.

कॉइल

आठ-आकडी कॉइल हातात धरली की पहिल्या दहा मिनिटांत हलकी वाटते, चाळिसाव्या मिनिटाला खांदा बोलू लागतो आणि नेमका तेव्हा कोन सरकतो. स्टँड घ्या. स्टँड असला तरी माणसाची हनुवटी किंवा कपाळ टेकायला आधार द्या, नाहीतर स्टँड स्थिर आणि डोकं फिरतं, अशी गंमत होते.

कॉइल तापते. ४० अंश सेल्सियसच्या आसपास यंत्र स्वतःहून थांबतं, आणि हे हमखास प्रयोगाच्या शेवटच्या ब्लॉकमध्ये होतं. सहा सेकंदांना एक पल्स या चालीने मध्यम ताकदीवर अर्धा-पाऊण तास सहसा निघतो, पण थ्रेशोल्ड चढा असलेला, म्हणजे लाट उठवायला जास्त ताकद लागणारा, माणूस आला की गणित बिघडतं. दुसरी कॉइल जवळ असणं हा सरळ उपाय. कॉइल फ्रिजमध्ये गार करण्याची युक्ती काही जण सांगतात. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत ती बाहेर काढताक्षणी दव धरते, आणि उच्च दाबाच्या वस्तूवर पाणी ही कल्पनाच नको.

प्रत्येक पल्सला कॉइल जोरात टिचकते. त्या माणसाच्या कानांत बोळे हवेतच, प्रयोग करणाऱ्याच्याही हवेत. निर्णयाच्या प्रयोगात तर तो आवाज स्वतःच एक इशारा ठरतो आणि प्रतिक्रियेचा वेळ बदलतो. म्हणून पल्स नसलेल्या खेपाही कामात मिसळा आणि आवाजाची तुलना करायला कॉइल डोक्यापासून दूर फिरवून काही खेपा घ्या.

ईएमजी : पैसे इथे घाला

बहुतेक बिघडलेले आकडे उत्तेजकामुळे नसतात, ईएमजीमुळे असतात. तर्जनी बाजूला सरकवणारा, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातला स्नायू सगळ्यात सोयीचा. एक इलेक्ट्रोड स्नायूच्या फुगवट्यावर, दुसरा तर्जनीच्या मुळाशी सांध्यावर, अर्थिंगचा इलेक्ट्रोड मनगटाच्या हाडावर. आधी त्वचा खरखरीत जेलने घासा आणि स्पिरिटने पुसा. वर्धन १०००, गाळणी १० ते १००० हर्ट्झ, नमुने सेकंदाला ५०००.

५० हर्ट्झची नॉच गाळणी (तेवढीच एक वारंवारता कापणारी) लावू नका. मेनचा गुंजारव घालवायला ती सोपी वाटते, पण पल्सच्या झटक्याने ती स्वतःच लहरत राहते आणि एमईपीचा आकार वाकवते. गुंजारव घालवायचा तर अर्थिंग तपासा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, ट्यूबलाइट बंद करा, ईएमजीच्या तारा कॉइलच्या केबलपासून लांब आणि एकमेकींना पिळून ठेवा. इमारतीचं अर्थिंगच डळमळीत असेल तर सगळ्यांत आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मग प्रयोग.

पल्सच्या आधीच्या १०० मिलिसेकंदांत स्नायू शांत होता की नाही, हे प्रत्येक खेपेला तपासायचं. नकळत आवळलेल्या बोटाने एमईपी दुप्पट होऊ शकते, आणि मग तुम्ही ‘निर्णय’ म्हणून जे छापता ते बोटाचं आवळणं असतं.

हॉटस्पॉट आणि थ्रेशोल्ड

डोक्याच्या माथ्यापासून कानाच्या दिशेने सुमारे ५ सेंटिमीटर आणि थोडं पुढे, इथून सुरुवात करा. एकेक सेंटिमीटरने सरकवत सगळ्यात मोठी आणि सातत्याने येणारी लाट जिथे मिळते तो हॉटस्पॉट शोधा, मग तिथेच अर्ध्या सेंटिमीटरने. विश्रांतीचा थ्रेशोल्ड म्हणजे दहापैकी किमान पाच खेपांत ५० मायक्रोव्होल्टपेक्षा मोठी लाट देणारी सगळ्यात कमी ताकद. मोजणीची ताकद सहसा त्याच्या ११५ ते १२० टक्के. निर्णयाच्या कामात लाट साधारण अर्धा ते एक मिलिव्होल्ट ठेवा. फार लहान ठेवली तर दबणं तळाला आपटतं, फार मोठी ठेवली तर उठणं छताला.

एमईपी जात्याच चंचल आहे. ब्लॉकच्या पहिल्या एक-दोन लाटा मोठ्या येतात, त्या टाकून द्या. प्रत्येक प्रसंगाला किमान २० चांगल्या लाटा हव्यात. हिशेब करून बघा. दोन हात, दोन अटी, पल्स देण्याचे चार क्षण, म्हणजे १६ घरं. प्रत्येकी २० धरल्या तर ३२० पल्स. सहा सेकंदांना एक म्हणजे नुसतं ३२ मिनिटांचं काम, विश्रांती आणि खराब खेपा वेगळ्या. ज्यांना पाच अटी आणि आठ क्षण एकाच बैठकीत बसवायचे आहेत त्यांनी कॅल्क्युलेटर आधी उघडावा.

दिशा दाखवणारा कॅमेरा

मॉन्ट्रियलच्या ‘रोग रिसर्च’ (Rogue Research) कंपनीचं ब्रेनसाइट किंवा तत्सम नेव्हिगेशन अवरक्त कॅमेऱ्याने कॉइल आणि डोकं यांवरचे चकाकते गोळे बघून कॉइल कुठे आहे ते पडद्यावर दाखवतं. एम-वनसाठी हे सोयीचं आहे, पण अत्यावश्यक नाही. लाटच तुम्हाला जागा सांगते. पॅरायटल (माथ्यामागच्या) भागावर किंवा ललाटावर जायचं असेल तर मात्र पर्याय नाही, कारण तिथे टिचकी मारल्यावर बोट उडत नाही.

इथे केसांचं तेल आडवं येतं. तेल लावलेल्या केसांवर डोक्याचा पट्टा गोगलगायीच्या चालीने सरकतो आणि पडद्यावरचा हॉटस्पॉट मिलिमीटरागणिक खोटा होत जातो. येण्याच्या दिवशी सकाळी केस धुऊन, तेल न लावता यायला आधीच सांगा. अंबाडा, क्लिप, पिना, कानातले काढायचे, हेही आधीच कळवा. ऐनवेळी सांगितलं की संकोच होतो. बैठकीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नाकाच्या मुळाशी आणि दोन्ही कानांशी टोकदार सूचक टेकवून चूक किती वाढली ते बघा.

पडदा, ट्रिगर आणि तो लबाड एक मिनिट

कॉम्प्युटरने ‘आत्ता’ म्हटलं की पडद्यावर तेव्हाच दिसतं असं नाही. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं, आणि काही पडदे त्यावर आपली वेगळी दिरंगाई करतात. पडद्याच्या कोपऱ्यात पांढरा चौकोन चमकवा, त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा छोटा भाग) चिकटवा आणि त्याची खूण ईएमजीच्याच यंत्रात नोंदवा. पल्सचा ट्रिगर (पल्स सोडण्याचा इशारा) पाच व्होल्टच्या सरळ तारेने द्या. यूएसबीच्या भरवशावर राहू नका.

यंत्र काही काळ पल्स न मिळाल्यास सुरक्षेसाठी आपणहून निःशस्त्र होतं. सूचना वाचून दाखवण्यात मिनिट गेलं की पुढची पल्स निघतच नाही, आणि दिवा कुणी बघितला नाही तर अख्खा ब्लॉक कोरा. सिरियल पोर्टवरून पायथनच्या मॅगपायने किंवा मॅटलॅबच्या मॅजिक टूलबॉक्सने ताबा घेतला तर ताकद आपोआप बदलता येते. पण यंत्राला सतत ‘मी आहे’ असा निरोप जात राहिला पाहिजे, तो तुटला की तेच होतं.

या संचाने काय बघता येतं

निवड आणि आवर यांसाठी हा संच सोन्याचा आहे. दोन हातांतून एक निवडायचा, आधी इशारा, मग थोडी वाट पाहणं, मग ‘चल’. वाट पाहण्याच्या काळात पल्स दिली की लाट विश्रांतीपेक्षा दबलेली मिळते, आणि तीही निवडलेल्या हातातसुद्धा. दुक, आयव्हरी आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या कामानंतर हे ‘तयारीतलं दबणं’ पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तुलना कशाशी करता यावर सगळं अवलंबून. ब्लॉकच्या आधीची स्वस्थ बसलेली विश्रांती आणि दोन खेपांमधली विश्रांती यांची उंची सारखी नसते. दोन्ही नोंदवा.

दोन्ही हात एकाच खेपेत मोजायचे असतील तर ब्रुसेल्समधल्या यूसीलूव्हें विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने रूढ केलेली दुहेरी कॉइलची रीत आहे, दोन्ही बाजूंना एका मिलिसेकंदाच्या अंतराने पल्स. खेपा निम्म्याने वाचतात. पण दोन उत्तेजक लागतात, आणि लहान डोक्यावर दोन ७० मिमी कॉइल एकमेकींवर आपटतात. ५० मिमीच्या कॉइल बसतात, फक्त त्या लवकर तापतात.

थांबण्याच्या खेळात चारांत एक खेप थांबण्याची ठेवा आणि थांबण्याचा इशारा ५० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी पुढे-मागे करा. निम्म्या वेळा थांबणं जमावं असा तोल यायला हवा. थांबताना कामात नसलेल्या स्नायूचीही लाट दबते. म्हणजे आवर एकट्या बोटावर न पडता सगळ्या वाटेवर पडतो. हे फक्त हाताला चिकटवलेल्या तारेतून दिसतं, कळ दाबण्याच्या वेळेतून कधीच दिसलं नसतं.

एकेरी पल्सने निर्णय ढकलताही येतो. २०१० मध्ये ऑलिव्हेरा आणि सहकाऱ्यांनी डाव्या पॅरायटल भागावर निर्णयाच्या क्षणी पल्स दिल्यावर लोक डावा हात जास्त वापरू लागले. यासाठी मात्र नेव्हिगेशन हवं.

शिकण्याच्या बाजूला १९९८ चं क्लासेन आणि सहकाऱ्यांचं काम अजूनही सुरुवात करायला उत्तम. पल्सने अंगठा कुठल्या दिशेला उडतो ते बघायचं, मग उलट दिशेला अर्धा तास सराव, आणि पुन्हा पल्स. अंगठा सरावाच्या दिशेने उडू लागतो. लागणारं जास्तीचं सामान म्हणजे अंगठ्यावर चिकटवलेला एक छोटा प्रवेगमापक.

मग विजेचा पट्टा का नको?

टीडीसीएसची, म्हणजे डोक्यावरून सौम्य एकदिश वीजप्रवाह देणारी, छोटी यंत्रं, उदाहरणार्थ न्यूरोकॉनचा डीसी स्टिम्युलेटर, किंमतीत या संचापुढे किरकोळ वाटतात आणि हातात मावतात. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमध्ये रबरी इलेक्ट्रोड, ३५ चौरस सेंटिमीटर, १ ते २ मिलिअँपिअर, १५ ते २० मिनिटं. २००९ मध्ये राइस आणि सहकाऱ्यांनी पाच दिवस एम-वनवर प्रवाह देऊन चिमटीच्या कौशल्यात फायदा दाखवला. २०११ मध्ये गेलिआने अनुमस्तिष्कावर (लहान मेंदूवर) प्रवाह दिला तर जुळवून घेणं जलद होतं आणि एम-वनवर दिला तर ते जास्त टिकतं, असं दाखवलं. हे वाचून हात शिवशिवतात. पण २०१७ मध्ये गेलिआच्याच गटाने अनुमस्तिष्काचे प्रयोग पुन्हा केले आणि सातत्याने परिणाम मिळाला नाही. २०१८ मध्ये व्होरोश्लाकोश आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवर मोजलं तर डोक्यावर लावलेल्या प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा आणि कवटीतच खर्च होतो, असं आढळलं.

घ्यायचंच असेल तर १ मिलिअँपिअरपासून सुरू करा. २ वर माणसाला खरं-खोटं ओळखू येतं आणि शामचा (खोट्या, नावापुरत्या प्रवाहाचा) अर्थ उरत नाही. खारं पाणी औषधाच्या दुकानातल्या सलाइनच्या बाटलीचं चालतं, निम्मं डिस्टिल्ड पाणी घालून सौम्य केलं तर कमी चुणचुणतं. स्पंज ठिबकू नये, नाहीतर प्रवाह केसांतून ओघळीच्या वाटेने जातो. तेलकट डोक्यावर रोध चढा राहतो आणि यंत्र सुरूच होत नाही. शाम्पू केलेलं डोकं इथेही लागतं. आणि प्रवाह लावल्यावर लाट वाढली की नाही हे बघायला पुन्हा टीएमएसच लागतं, ही त्यातली खोच.

परवानगी आणि उपवास

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिक समितीची संमती आधी. आकडीचा इतिहास, पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, डोक्यात धातूची क्लिप, गर्भारपण, आकडीचा उंबरा खाली आणणारी औषधं, हे सगळं लेखी विचारायचं. एकेरी पल्सने आकडी येणं फारच विरळ. त्याहून जास्त वेळा माणूस घेरी येऊन कोसळतो, विशेषतः पहिल्याच पल्सला आणि उपाशीपोटी. म्हणून संकष्टीला किंवा श्रावणातल्या सोमवारी बोलावलेल्या माणसाला ‘आज उपवास आहे का, काही खाल्लं का, रात्री झोप झाली का’ हे विचारा, मागे कलणारी खुर्ची ठेवा आणि पहिल्या दोन पल्स कमी ताकदीच्या द्या.

निकाल

यंत्र पाचपैकी साडेचार. अर्धा गुण पुन्हा भरण्याच्या वेगाचा आणि त्या आपोआप निःशस्त्र होण्याच्या सवयीचा कापला. ७० मिमीची कॉइल चार, तापण्यामुळे. नेव्हिगेशन एम-वनपुरतं काम असेल तर दुसऱ्या वर्षी घ्या. बायस्टिम तिसऱ्या. टीडीसीएस उधारीवर मिळालं तर वापरून बघा.

ऑर्डर देताना या चार गोष्टी त्याच कागदावर लिहा : दुसरी कॉइल, मजबूत हाताचा स्टँड, फोटोडायोड, आणि ऑनलाइन यूपीएस, कारण धारित्र भरताना यंत्र जो प्रवाह ओढतं त्याने स्वस्तातला यूपीएस बीप करत बसतो आणि तोच बीप तुमच्या प्रयोगात इशारा होऊन बसतो.